उंदीर की घूस?

जूनच्या शेवटी शाळा उघडली आणि पोषण आहाराचा चार्ज माझ्याकडे आला. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे धान्याची खोली सगळा मे आणि जवळजवळ सगळा जून कुलूपबंद होती. चार्ज म्हणजे एक किल्ली, एक साठा नोंदवही, एक चव नोंदवही, वजनकाटा आणि मागच्या सत्रातले उरलेले तांदळाचे कट्टे. सही करून मी कुलूप उघडलं. आत उग्र वास, आणि जमिनीवर कुणीतरी जिरं सांडून ठेवलेलं. मसाल्याचं पाकीट नीट बांधायला काय होतं लोकांना, असं मनात म्हणत मी ते चिमटीनं कागदावर गोळा करू लागले. खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. बराच वेळ बघून झाल्यावर म्हणाल्या, "मॅडम, ते जिरं नाही न."

मी बुलढाणा शहरातली, म्हणजे घाटावरची. शाळा घाटाखाली, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. उंदराशी माझा आजवरचा संबंध गणपतीपुरता. एखाद-दुसरा आला असेल, गोळी टाकली की काम झालं, अशा हिशेबानं मी हात साबणानं दोनदा धुऊन कृषी केंद्र गाठलं आणि उंदराचं औषध मागितलं. दुकानदारानं विचारलं, "उंदीर का घूस?" मला काय माहीत? "घरातला का वावरातला?" शाळेतला, मी म्हटलं. "पाह्यला का तुम्ही?" नाही, फक्त लेंड्या पाहिल्या. "मग आणल्या का?" त्यानं हे इतक्या गंभीरपणे विचारलं की पॅथॉलॉजीत नमुना न घेता आल्यासारखी मी ओशाळले. रांगेतले शेतकरी मात्र अजिबात हसले नाहीत. त्यांना तो प्रश्न बरोबरच वाटत होता.

दुसऱ्या दिवशी चौथीतल्या एका मुलाची कंपासपेटी मागून घेतली आणि पट्टीनं लेंड्या मोजल्या. टोकदार, तीन ते सहा मिलिमीटरच्या, ज्यांना मी जिरं समजले होते, त्या लहान घरउंदराच्या. सेंटिमीटरभर किंवा त्याहून जरा मोठ्या, किंचित वाकड्या, त्या काळ्या मोठ्या उंदराच्या. हा चढण्यात पटाईत. भिंत, पाइप, वायर, झाडाची फांदी, त्याला सगळं सारखंच. त्याहून जाड्या लेंड्या बाहेर भिंतीच्या कडेला सापडल्या, शेजारी उकरलेल्या मातीचा ढीग. ती घूस. ती चढण्याच्या भानगडीत पडत नाही, खालून खणत येते. मुंबईसारख्या बंदराच्या शहरात गटारातला तपकिरी उंदीरही असतो, तो आपल्याकडे नाही, एवढंच काय ते समाधान. म्हणजे माझ्या एका खोलीत वरून येणारा एक, खालून येणारी एक आणि जिथून जमेल तिथून घुसणारा एक, असे तीन पाहुणे होते. पट्टी ज्याची होती त्यानं ती परत घ्यायला नकार दिला.

औषध नंतर, आधी पिंजरा, असं ठरवलं. वरवट बकालच्या बाजारातून लोखंडी जाळीचा पिंजरा आणला, आकड्याला कांद्याचं भजं अडकवलं आणि खोलीच्या बरोबर मधोमध ठेवला, म्हणजे चारही बाजूंनी येणाऱ्याला सोयीचं पडेल. सकाळी भज्याला मुंग्या. दुसऱ्या सकाळीही मुंग्याच. भजं बदललं, शेंगदाणे लावले, तेलात बुडवलेला भाकरीचा तुकडा लावला. मावशींनी शेवटी तोंड उघडलं: "उंदीर कधी मधातून जाते का? त्याले भित लागते." भित म्हणजे भिंत. उंदराची नजर अधू असते. तो मिशा आणि अंग भिंतीला घासत, धरून धरून चालतो आणि रोज एकाच वाटेनं जातो. त्याच्या अंगाचा तेलकट मळ भिंतीला लागून काळपट पट्टा उमटतो. असा पट्टा आमच्या खोलीत जमिनीपासून बोटभर उंचीवर सरळ रेषेत होता. मी तो आल्या दिवशीच पाहिला होता आणि ओल समजून तिथे रंग मारायचा अर्जही लिहून ठेवला होता.

पिंजरा भिंतीला लावला. तरीही मोठा उंदीर फिरकेना. वाचलं तेव्हा कळलं की याला निओफोबिया म्हणतात. मुलांना मी 'नव्या वस्तूची धास्ती' असं सांगितलं. मोठा उंदीर नवी वस्तू दिसली की काही दिवस तिच्यापासून चार हात लांबून जातो. लहान उंदीर मात्र चौकस, तो लगेच हुंगायला येतो. म्हणून पिंजऱ्याचं दार तारेनं उघडं बांधून ठेवायचं, काही रात्री फुकट जेवू घालायचं आणि पिंजरा ओळखीचा झाला की मग तार सोडायची. हे सगळं मी शिस्तीत केलं. आणि एका सकाळी पिंजऱ्याचं दार पडलेलं, आत हालचाल! मी परिपाठ अर्धवट सोडून मुलांना बोलावलं. लांब नाक, बारीक डोळे, मखमली राखाडी अंग आणि असा वास की पहिलीची रांग आपोआप मागे सरकली. "मॅडम, ही तर चिचुंद्री हाय!" चिचुंद्री उंदरांच्या कुळातली नाहीच. झुरळं, किडे, अळ्या हे तिचं खाणं. म्हणजे त्या खोलीत माझ्या बाजूनं काम करणारा जो एकमेव प्राणी होता, नेमका तोच मी पकडला होता. तिला कुंपणाशी सोडून आलो. दिवसभर पिंजऱ्याचा आणि माझा वास सारखाच होता.

मग मुख्याध्यापक म्हणाले, आता औषधच. पुन्हा कृषी केंद्र. या वेळी मी तयारीनं गेले होते: काळा उंदीर, घरउंदीर, घूस, तिन्ही. दुकानदार खूश झाला. त्यानं दोन प्रकार समजावून सांगितले. झिंक फॉस्फाईड हे काळं चूर्ण पिठात तेलाबरोबर कालवून ठेवतात. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून विषारी वायू सुटतो, काम लवकर होतं आणि त्यावर उतारा नाही. दुसरं ब्रोमॅडिओलोन, रंगीत वड्या. त्या रक्त गोठू देत नाहीत. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो, त्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही. यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे. उतारा असलेलं बरं म्हणून मी वड्यांचं पाकीट घेतलं. शाळेत आणून ठेवायचं कुठं? कुलूप लागणारं कपाट एकच, पोषण आहाराचं. हळद, तिखट, मोहरी, तेल, आणि त्यांच्या शेजारी उंदराच्या वड्या.

पाकीट हातात धरून मी त्या कपाटापुढे उभी राहिले आणि बिहारमधली छपऱ्याजवळची शाळा आठवली. 16 जुलै 2013. माध्यान्ह भोजनाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं गेलं होतं, 23 मुलं गेली. आमच्याकडे कापसाच्या पट्ट्यात मोनोक्रोटोफॉस कुणाला नवीन नाही. वडी तर रंगीत, गोळी-बिस्किटासारखी दिसणारी, आणि आमची पहिली-दुसरी जमिनीवर पडलेलं काहीही तोंडात घालणारी. शिवाय वडी खाल्लेला उंदीर भिंतीच्या पोकळीत किंवा टिनांखाली कुठंही जाऊन मरणार, आणि मुलं जेवायला बसणार त्याच्याखाली. दुकानदारानं पाकीट परत घेतलं, पैसे मात्र दिले नाहीत. त्याऐवजी दुधी भोपळ्याचं बी दिलं.

विष नको, उंदीर आत येतात त्या वाटाच बुजवू, हे मुख्याध्यापकांना पटलं, पण त्यांची खरी अडचण वेगळी होती. औषधाचं बिल सादिल खर्चात लावता येतं, विचारणा झाली तर पावती दाखवता येते. भोकं बुजवायची म्हटलं तर ते कुठल्या शीर्षाखाली घालायचं? यावर त्यांनी आम्हाला मंत्रालयाची गोष्ट सांगितली. मार्च 2018 मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत कागद फडकावून विचारलं होतं की मंत्रालयात 7 दिवसांत 3,19,400 उंदीर मारले कसे? पुढे बांधकाम खात्याकडून खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नव्हे, वापरलेल्या गोळ्यांचा. खडसे आमच्या शेजारच्या मुक्ताईनगरचे, त्यामुळे ही गोष्ट इकडे अजून चवीनं सांगितली जाते. सरांनी ती पाचवीला भागाकाराला घातली. रोजचे 45,628, बाकी 4. "ते बाकीचे चार आपल्या खोलीत आलेत," असं एका पोट्ट्यानं हात वर करून सांगितलं. मला मात्र त्या आकड्यात दुसरंच दिसत होतं. गोळ्या मोजता येतात, मेलेले उंदीर मोजता येतात, म्हणून तेच मोजलं जातं. उंदीर आत आले त्या वाटा किती, हे त्या सगळ्या गोंधळात कुणी विचारल्याचं ऐकलं नाही. मग मी त्या मोजायला गेले आणि मला एकही सापडली नाही.

भिंती पाहिल्या, कोपरे पाहिले, टॉर्च मारला. ठीकठाक खोली. उंदराचं बीळ म्हणजे चित्रातल्यासारखं गोल, कमानदार भोक असणार असं माझ्या डोक्यात. तसं कुठंच नव्हतं. युक्ती मिस्तरींनी सांगितली. तिसरीतल्या एका मुलीचे वडील गवंडीकाम करतात, ते तिला सोडायला आले होते. म्हणाले, "मॅडम, टॉर्च बंद करा. दार लावून घ्या आन् भर दुपारी अंधारात उभ्या राहा." राहिले. आधी काहीच दिसेना. मग डोळे सरावले आणि खोली हळूहळू गळायला लागली. दाराच्या खाली उजेडाची अख्खी पट्टी, उंबरठ्याच्या झिजलेल्या जागी अंगठ्याएवढी जाड. भिंतीच्या माथ्यावर, जिथे नालीदार टिनं टेकली होती, तिथे प्रत्येक नालीखाली उजेडाची अर्धचंद्रकोर, एकामागून एक, भिंतभर. मीटरची वायर आत येते त्या पाइपाभोवती एक बारीक कडं. खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात रेघ. आणि मोरीच्या भोकातून सरळ आत येणारा झोत, त्यात धूळ नाचत होती. बाहेर येऊन मी सरांना सांगितलं की आपल्या खोलीला एक दार नाही. ते म्हणाले, दार कुणी नेलं?

आता वाट कुणाला म्हणायचं हा प्रश्न. लहान उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते. मोठ्याला साधारण बारा. डोकं गेलं की बाकीचं अंग तो ओढून घेतो. शाळेतली शिसपेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाड असते. म्हणून नियम केला: पेन्सिल शिरली तर उंदीर शिरला. परिसर अभ्यासाच्या तासाला चौथीला पेन्सिली आणि खडू देऊन खोलीभोवती सोडलं. पेन्सिल शिरेल तिथे खडूनं गोल. तासाभरानं ती भिंत गोवर उठल्यासारखी दिसत होती. कडुनिंबाची एक फांदी थेट टिनांवर टेकली होती, तिच्यावर पोरांनी वर चढून गोल काढला आणि मला वरूनच हाक मारली. हे सगळं मी इतके दिवस पाहत होते. फक्त फट म्हणजे वारा येण्याची जागा, अशी माझी समजूत होती.

बुजवण्याचा पहिला हप्ता मी स्वतःच्या बुद्धीनं केला. जुनी वर्तमानपत्रं, पोत्याचे तुकडे, टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल, सगळं फटींमध्ये घट्ट ठासलं. दोन दिवसांत त्यातलं बरंचसं गायब. नंतर तांदळाच्या कट्ट्यांमागे सापडलं, छान कातरून, मऊ करून, गोल रचून. त्यात डोळे न उघडलेली गुलाबी पिलं. म्हणजे मी बाळंतिणीला अंथरूण पुरवलं होतं. मादीचे दिवस तीन आठवड्यांत भरतात, एका वेळी पाच-सहा पिलं सहज होतात आणि ती दोन-तीन महिन्यांत स्वतः आई होण्याजोगी होतात. दीड-दोन महिन्यांची सुट्टी, आत धान्य, माणूस नाही, मांजर नाही, हा हिशेब त्या दिवशी डोक्यात बसला. पिलांचं काय करायचं, हे मावशींनी मला न विचारता ठरवलं. मी त्या वेळी साठा नोंदवहीत तोंड घालून बसले होते.

दुसरा हप्ता सिमेंटचा. सरांनी पदरचे पैसे घातले, गावातल्या एका घराच्या कामावरून घमेलंभर वाळू मिळाली आणि मी स्वतः थापीनं भोकं लिंपली. सकाळी त्यातली निम्मी पुन्हा मोकळी. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, वर्षाला दहा सेंटिमीटरच्या वर, त्यामुळे भूक असो-नसो त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. लाकूड, प्लास्टिक, वायरीचं आवरण, शिशाचा पाइपसुद्धा. ओलं सिमेंट म्हणजे त्याला काहीच नाही. मिस्तरी हसले नाहीत, पण थांबले जरा. "निस्तं सिमेंट रातीच कोरून टाकते ते. आत काही टोचलं पाहिजे न त्याले." मग फुटलेल्या बाटल्यांच्या काचा जाडसर कुटून सिमेंटात कालवल्या. मुलांना त्या दिवशी वर्गाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. बारीक फटींसाठी त्यांनी भांड्यांची तारेची घासणी आणायला सांगितली. ती ठासून भरायची आणि वरून लिंपायचं. ती तार उंदराच्या तोंडात टोचते, कुरतडता येत नाही, आणि स्टेनलेस स्टीलची असली की गंजत नाही. मी किराणा दुकानातून हिरवी स्पंजाची घासणी घेऊन आले. मिस्तरींनी ती मावशींना दिली, मावशींनी तिनं कढई घासली.

टिनांच्या चंद्रकोरींसाठी जाळी लागणार होती. मी कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी आणली, स्वस्त आणि हलकी. मुलांना पेन्सिलीचा नियम आता पाठ होता. एकानं न सांगता पेन्सिल काढली आणि जाळीतून आरपार घातली. मग दोन. मग तिन्ही एकाच भोकातून. शेवटी वेल्डमेश, पाव इंची चौकोनांची. तिच्या पट्ट्या कापून प्रत्येक नालीत वाकवून बसवल्या आणि कडा काचेच्या सिमेंटनं पक्क्या केल्या. हे फार चिकट, वेळखाऊ काम आहे आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त टिनावर दुपारी चढू नये. दाराला खालून टिनपत्र्याची वीतभर उंच पट्टी ठोकली, चौकटीच्या पायालाही, कारण उंदीर दार नुसतं ओलांडत नाही, कोपऱ्यातून लाकूड खात आत येतो. उंबरठा नवा बसवला. मोरीला लोखंडी जाळीचं झाकण, ते काढून साफ करता यावं म्हणून बिजागरीचं. फांदी छाटली. मीटरच्या पाइपाचं तोंड बंद केलं. शनिवारी दुपारी सगळं संपलं. अंधारात उभं राहून पाहिलं, काळाकुट्ट अंधार. मी समाधानानं कुलूप लावलं आणि घाट चढून घरी गेले.

सोमवारी कुलूप काढताना आतून खरखर ऐकू आली. दार उघडलं तर नव्या पट्टीच्या वरचं लाकूड आतून कुरतडलेलं, कट्टे फाडलेले, डाळीचं पाकीट जमिनीवर, आणि दोन मोठे उंदीर माझ्या पायांवरून बाहेर पळाले. मी सगळ्या वाटा बंद केल्या होत्या, पण आत कोण आहे ते बघितलंच नव्हतं. सुट्टीभर जेवण-राहण्याची सोय करून वर कुलूप! मिस्तरी म्हणाले, एक वाट शेवटपर्यंत ठेवायची असते. तिच्यापुढे राख पसरायची. रोज पावलं बघायची, आत येणारी आणि बाहेर जाणारी. राखेत लहान उंदराची पावलं ठिपक्यांसारखी उमटतात, मोठ्याच्या शेपटीची मधून रेघ जाते. आत पिंजरे, भिंतीला लावून. आतली राख एक-दोन रात्री कोरी राहिली की मगच ती शेवटची वाट लिंपायची. चुलीची राख मावशींकडे भरपूर होती. राख वाचायला मात्र मला पोरांनी शिकवलं. पहिल्या सकाळी मी आत्मविश्वासानं उंदराच्या म्हणून दाखवलेल्या खुणा चिमणीच्या निघाल्या.

राहिली घूस. घूस भिंतीच्या वरच्या कामाकडे बघतही नाही. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, भेगेत हात कोपरापर्यंत जाईल इतकी. तिच्याबरोबर जोतं हलतं आणि भिंतीभोवतीचा कोबा जोत्यापासून सुटतो. त्या सुटलेल्या भेगेतून घुशीनं खणायला सुरुवात केली होती आणि ती खोलीच्या फरशीखाली पोचली होती. मिस्तरींनी कोबा फोडून तिथे खणलं तेव्हा बीळ फुटलं. एक वाट, मग दुसरी, आणि एका पोटात ढीगभर तांदूळ. स्वच्छ, कोरडे, शाळेचे. घूस बिळात धान्य साठवते हे मला वाचून माहीत झालं होतं. पण साठा नोंदवहीतली तूट डोळ्यांसमोर ढीग होऊन दिसेल असं वाटलं नव्हतं. हे आवकेत लिहायचं का, असं मी सरांना विचारलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

तिथे त्यांनी जोत्याला लावून जाळी हातभर खोल सोडली आणि खाली तिचं टोक बाहेरच्या बाजूला आडवं वळवलं. घूस भिंतीशीच खणते. जाळी लागली की ती मागे सरकून लांबून खणायचं डोकं लावत नाही. खड्ड्यात काळी माती परत न टाकता मुरूम आणि खडी ठोकली, कारण ती घुशीला खणायला जड जाते आणि मुरूम काळ्या मातीसारखा भेगाळत नाही. वरचा कोबा नवा केला. "पण मॅडम, हे दर उन्हाळ्यात पाहा लागन," ते म्हणाले. "आपली माती एका जागी राहत नाही." म्हणजे मी जे काम संपलं म्हणून घरी सांगितलं होतं, ते दरवर्षीचं आहे.

खोली साफ करायची राहिली होती. मी खराटा घेऊन जोरात झाडायला लागले. आशाताई काही कामानं आल्या होत्या, त्यांनी दारातूनच ओरडून थांबवलं. वाळलेल्या लेंड्या आणि मूत झाडलं की धूळ उडून नाकातोंडात जाते. आधी फिनाइलचं पाणी शिंपडायचं, ओलं करायचं, नाकाला फडकं बांधायचं, हातात मोजे, आणि मग पुसून काढायचं. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मुतातून येतात, हात-पाय चिरलेले असले की शिरतात. कुरतडलेले कट्टे पंचनामा करून टाकून द्यायचे, वरचा तांदूळ चांगला दिसतो म्हणून ठेवायचा नाही. माझी चव नोंदवहीत रोज सही असते, मुलांच्या आधी खिचडी मीच चाखते. त्या सगळ्या सह्या मला एकदम आठवल्या.

संध्याकाळी घरी मी प्लेगबद्दल वाचत बसले. 1896 ची मुंबई माहीत होती. 1898 मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं प्लेग उंदरांच्या पिसवांतून माणसात येतो हे दाखवलं, तेही माहीत होतं. माहीत नव्हतं ते मामल्याचं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावच्या लोकांनी घरं सोडली, धान्य मात्र आत तसंच राहिलं. बंद घरं, आत पोती. उंदीर माजले, आणि 1994 मध्ये तिथे गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले. प्लेग असताना आधी उंदीर मारू नयेत, आधी पिसवा माराव्यात असंही त्यात होतं, कारण उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा जवळचं दुसरं ऊबदार अंग शोधतात. ती 'बंद घरं, आत पोती' ही ओळ मी दोनदा वाचली आणि सरांना फोन लावला: पुढच्या मे महिन्यात खोलीत कणभर धान्य शिल्लक ठेवायचं नाही, शेवटच्या दिवशी शिल्लक शून्य करायची. रात्रीचे साडेदहा वाजले होते. सर म्हणाले, मॅडम, आत्ता जुलै आहे.

आता तांदूळ पत्र्याच्या कोठ्यांत असतो. गावात बळद आणि कणग्या जाऊन प्लास्टिकचे कट्टे आले तेव्हा बऱ्याच घरांतून या कोठ्या अडगळीत गेल्या, त्यातल्या दोन आम्हाला लोकांनी आणून दिल्या. कोठीत न मावणारे कट्टे लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून हातभर सुटे, म्हणजे मागे वाकून बघता येतं आणि उंदराला भिंत धरून कट्ट्यापर्यंत येता येत नाही. शिजवण झाली की सांडलेलं त्याच दिवशी उचलायचं. रात्री खरकटं बाहेर राहू द्यायचं नाही. हे मावशी मी यायच्या आधीपासून सांगत होत्या म्हणे.

मध्यंतरी केंद्रप्रमुख तपासणीला आले. खोली पाहून खूश झाले, कोठ्यांवर बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "उंदरांचा बंदोबस्त केला म्हणता, किती मारले?" मी आकडा सांगू शकले नाही. पिंजऱ्यात सापडलेले बोटावर मोजण्याएवढे, त्यातली एक चिचुंद्री. औषधाची पावती? नाही. मी त्यांना दार लावून अंधारात उभं राहायला सांगितलं. ते बिचारे राहिले. "काहीच दिसत नाही," आतून आवाज आला. तेच तर, मी म्हटलं. अहवालात त्यांनी 'अंधार आहे, दिव्याची सोय करावी' असा शेरा लिहिला.

त्याच आठवड्यात शेजारच्या अंगणवाडीच्या सेविका हातात खाऊचं कुरतडलेलं पाकीट घेऊन आल्या. "मॅडम, तुमचे उंदरं आमच्याकडे आले न." मी लेंड्या आणल्या का विचारलं. त्यांनी आणल्या होत्या, कागदाच्या पुडीत. मी पट्टी काढली.